नाव आणि काम

हैदराबाद विद्यापीठाच्या आवारात थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांच्या नावाची एक संशोधन संस्था आहे. ‘कल्यमपुडी’ हे रावांचे घराण्याचे नाव. तेलुगू रीतीनुसार ते आरंभी येते. पाश्चात्त्य सूचींनी मात्र अखेरच्या शब्दालाच आडनाव मानले आणि जगाने त्यांना ‘राव’ म्हणूनच ओळखले. एवढ्या मोठ्या माणसाचे त्यामुळे काही बिघडले नाही. परंतु त्याच शहरात आज संशोधनाची उमेदवारी करणाऱ्या एखाद्या अप्रसिद्ध राव वा रेड्डीची गोष्ट वेगळी. गूगल स्कॉलरसारख्या सूचीत नामसाधर्म्यामुळे एकाचे निबंध दुसऱ्याच्या खाती जमा होऊ शकतात. आपल्याकडील नाईक, देसाई यांनाही हा धोका आहेच; विवाहानंतर नाव बदलणाऱ्या संशोधिकेचे तर अर्धे कर्तृत्व एका नावावर आणि अर्धे दुसऱ्या नावावर विभागले जाते. नेमणुका व अनुदाने देताना या सूची चाळल्या जात असता ही हानी किरकोळ नव्हे.

काम चोख असले की नाव आपोआप होते, त्याची निगा राखणे ही आत्मप्रौढी होय, असे मानणारे विद्वान अद्याप आहेत. त्यांनी गोमंतकाचे सुपुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण करावे. १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मांडलेला सिद्धांत दीर्घकाळ कारहुनेन व लोएव्ह या नंतरच्या दोघांच्याच नावे जगभर चालत राहिला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ऑर्किड’ ही व्यवस्था संशोधकास विनामूल्य १६ स्थानांचा क्रमांक देते. नाव बदलो वा संस्था बदलो, क्रमांक कायम राहतो. संशोधकाने तो घ्यावा, प्रत्येक निबंधासोबत द्यावा आणि परक्याचा निबंध आपल्या खाती आढळल्यास तो स्वतःहून काढून टाकावा. विद्यापीठांनीही संशोधनास प्रवेश देतानाच ही तजवीज करावी आणि त्यासाठी ग्रंथपालांचे साहाय्य घ्यावे, असे आम्हांस वाटते.

मात्र क्रमांक कोणी लिहिले एवढेच सांगतो. काय लिहिले, हे निवड समितीने निबंध वाचूनच ठरवावयाचे असते. खाते चोख ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य, तसे निबंध वाचणे हे समितीचे. पहिल्याच्या आडून दुसरे टाळले गेले तर नावे सुरक्षित राहतील, विद्या राहणार नाही, असा इशारा आम्ही देऊन ठेवतो.