उंच मुलीनं वाकायचं कशासाठी?

'मुलगी फार उंच झाली की लग्न जमत नाही.' हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. आत्या, मावशी, शेजारच्या काकू हे काळजीपोटीच बोलतात. म्हणून त्यांना टाळून पुढे न जाता नीट उत्तर द्यायला हवं. 'हिच्यापेक्षा उंच मुलगा आणायचा कुठून?' हा त्यांचा प्रश्न, आणि आकडेमोड म्हणून तो बरोबर आहे. भारतातल्या बाईची सरासरी उंची 152 सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाची 165 च्या आसपास. 175 सेंटिमीटरची मुलगी बहुतेक मुलग्यांपेक्षा उंच असणारच. पण या हिशेबात एक अट कुणी न विचारता घालून ठेवली आहे: नवरा बायकोपेक्षा उंचच पाहिजे. ती अट काढली की टंचाई तिथेच संपते. स्थळं कमी केली ती बायोडेटातल्या अपेक्षांच्या रकान्यानं. मुलीच्या हाडांचा त्यात काय दोष?

यावर उत्तर ठरलेलं असतं: 'असं कसं, जोडा शोभायला नको?' मला हे उत्तर महत्त्वाचं वाटतं, कारण त्यातून खरी गोष्ट बाहेर येते. प्रश्न संसाराचा नाहीच, फोटोचा आहे. 1981 साली ब्रिटनच्या टपाल खात्यानं युवराज चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नाची तिकिटं काढली. दोघांची उंची जवळजवळ सारखीच होती, पण तिकिटावर चार्ल्स चांगलाच उंच दिसतो. भावी राजाच्या बाबतीतही एवढी काळजी घ्यावीशी वाटली! आपल्या मंगल कार्यालयांत वेगळं काय होतं? फोटोग्राफर नवरीला टाचांच्या चपला काढायला लावतो, मग 'ताई, जरा गुडघ्यात वाका' म्हणतो. शालूच्या घोळात वाकलेले गुडघे दिसत नाहीत, आणि आयुष्यभर भिंतीवर राहणारा फोटो खोटा होतो. चार-दोन इंचांनी उंच बायको शेजारी उभी राहिल्यानं ज्याचा मान कमी होतो, त्याचा मान मुळात किती होता, हे मुलाकडच्यांनी आधी तपासावं.

काळजीपोटी माणसं कुठवर जातात याचा एक दाखला आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. 1950 च्या दशकापासून अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात खूप उंच होतील असं वाटणाऱ्या धडधाकट मुलींना इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे मोठे डोस दिले गेले. हाडांच्या टोकांची वाढ लवकर थांबावी, मुलगी थोडी कमी उंच राहावी, एवढाच हेतू. आजार कसलाच नव्हता. आयांना चिंता होती ती पोरीला नवरा मिळेल का, मापाचे कपडे मिळतील का, याची. ऑस्ट्रेलियात 1959 ते 1993 या काळात ज्या उंच मुली तपासणीसाठी डॉक्टरांकडे गेल्या, त्यांचा पुढे अभ्यास झाला. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा की औषध घेतलेल्यांना मूल राहण्यात जास्त अडचणी आल्या. लग्नाच्या बाजारात अडू नये म्हणून निरोगी शरीराला औषध पाजलं, आणि त्याची किंमत त्याच मुलींनी पुढे दवाखान्यांत मोजली. हे वाचल्यावर 'थोडं पोक काढून चाल, उंची दिसत नाही' हा घरगुती सल्लाही मला निरुपद्रवी वाटेनासा झाला. प्रकार सौम्य आहे, पण निरोगी शरीर कापून-दाबून मापात बसवायचं ही बुद्धी तीच.

दुसऱ्या टोकाला कौतुक करणारे आहेत. 'एवढी उंची आहे, मॉडेलिंग का नाही करत?' 'बास्केटबॉल खेळतेस का गं?' उंचीचा खेळात उपयोग होतो, हे मान्यच. झूलन गोस्वामी पश्चिम बंगालमधल्या चाकदहासारख्या छोट्या गावातून आली आणि उंच खांद्यावरून चेंडू टाकत तिनं एकदिवसीय क्रिकेटमध्ये 255 बळी घेतले. तिच्याकडे पाहून कुठल्याही उंच पोरीची छाती भरून यावी. पण बँकेत नोकरी करणाऱ्या, शिकवणी घेणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या उंच बाईनं उंचीचा परतावा कुणाला का द्यावा? कामाला आली तर देणगी आणि नाही आली तर वाया गेली, असं ज्या कौतुकाचं गणित आहे, ते कौतुक शरीराला स्वीकारत नाही. कामाला लावू पाहतं.

आणि हल्ली सगळीकडे मिळणारा सल्ला, 'स्वतःवर प्रेम कर'. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. सगळं काम तो मुलीच्या मनावर टाकतो आणि बाकी जग आहे तसंच ठेवतो. माझी उंची पाच फूट अकरा. माझ्या अनुभवानं सांगते, मनाला पटवणं त्या मानानं सोपं होतं. रोज टोचत राहिल्या त्या वस्तू. साडीचा पन्हा पंचेचाळीस इंच असला की निऱ्या घोट्याच्या वरच राहतात आणि कुणीतरी म्हणतंच, 'अगं, साडी किती उंच नेसलीस!' पायात येईल अशी चप्पल बायकांच्या विभागात सापडत नाही. सगळ्यात वाईट स्वयंपाकघराचा ओटा. तो बहुधा बत्तीस-तेहतीस इंचांवर बांधतात; पाच फुटांच्या बाईला ते ठीकच. माझं कोपर मात्र त्याच्या जवळजवळ फूटभर वर असतं. पोळ्या लाटायला पोळपाटावर ओणवं व्हावं लागतं आणि वीस पोळ्या होईपर्यंत कंबर धरते. बाईची पाठच नाजूक, असं पूर्वी ऐकवलं जायचं. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा गवंड्याला सांगितलं, ग्रॅनाइटखालचे उभे कडप्पे सहा इंच उंच घे. तो म्हणाला, 'ताई, असा ओटा कुणी करत नाही.' केला. आता मी ताठ उभी राहून लाटते आणि कंबर दुखत नाही. सासूबाईंसाठी खाली एक पाट ठेवलाय. त्या पाटावर उभ्या राहतात.

शरीर स्वीकारणं मला असं समजतं. आपल्या मापाची जागा मागायची, मिळाली नाही तर करून घ्यायची. विणकराकडून पन्नास इंची पन्ह्याची साडी मागवायची, पुरुषांच्या विभागातली चप्पल न लाजता घ्यायची, आवडलेला मुलगा खांद्याला लागत असेल तरी त्याच्याशी लग्न करायचं.

यातलं बरंचसं मोठेपणी करता येतं. पण वाकायची सवय लागते ती सहावी-सातवीत. मुली मुलग्यांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्यानं वाढतात, त्यामुळे उंच मुलगी त्या काळात सगळ्या वर्गाच्या वर दिसते. रांगेत शेवटी ती, मागच्या बाकावर ती, स्नेहसंमेलनाच्या नाचात झाड ती. मग ती खांदे पुढे ओढून घ्यायला लागते, वह्या छातीशी धरून चालते. शिक्षकांनी या पोरीला एखाद्या नाचात तरी मधे उभं करावं. आणि आईनं नवा गणवेश शिवून घेताना खाली चांगलं चार इंच कापड दुमडून ठेवावं, शिंप्यासमोर 'किती वाढतेय ही' असा सुस्कारा न सोडता.