आमचं मराठी कुठल्या बाजारात मोजणार?

परवा वर्गात सकाळ पेपर्स खटला झाला. पुण्याचा 'सकाळ' विरुद्ध केंद्र सरकार, निकाल १९६१ चा. मोठ्या पेपरांनी लहानांना गिळू नये म्हणून सरकारनं १९६० साली आदेश काढला होता: किंमत किती, त्यावर पानं किती ते ठरणार. ७ नव्या पैशांत सोमवार ते शनिवार ३४ पानं देणाऱ्या 'सकाळ'ला २४ वर यावं लागलं असतं, नाहीतर दर वाढवायचा. सर्वोच्च न्यायालयानं आदेश रद्द केला. धंद्यावर बंधन घालण्याच्या नावाखाली अभिव्यक्तीवर गदा आणता येत नाही, हे त्यामागचं कारण.

मला हे पटतं. मक्तेदारी मालकाची आणि कात्री वाचकाच्या पानांना, हा कुठला न्याय? पण म्हणून मालकीवर मर्यादाच नको, हे मात्र पटत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये ट्रायनं त्यावरच शिफारशी केल्या. एकाच बाजारात टीव्ही आणि पेपर, दोन्हींवर एकाच घराण्याचं वर्चस्व नको. राजकीय पक्ष आणि सरकारांनी यात उतरू नये. चांगलंच आहे की! कायदा काही झाला नाही, ते सोडा. माझं लक्ष 'बाजार' शब्दावर अडकलं. ट्रायच्या मते बाजार म्हणजे भाषा, आणि ती भाषा जिथं बहुसंख्य बोलतात ते राज्य.

म्हणजे मराठीचा बाजार महाराष्ट्र. कर्नाटकाचा कन्नड. मग बेळगाव, खानापूर, निपाणीत घरोघरी येणारा मराठी पेपर कुठं मोजणार? उद्या इथले सगळे मराठी पेपर आणि केबलवरच्या मराठी बातम्या एकाच माणसानं विकत घेतल्या, तरी हा नियम गप्प बसेल. गंमत बघा, 'सकाळ'च्या खटल्यात पेपरचा खप महाराष्ट्र आणि कर्नाटकात असल्याची नोंद आहे. १९६१ ला आम्ही वाचक होतो. २०१४ च्या व्याख्येत नाही.

माझा मित्र म्हणतो, सरकारच्या हातात हे दिलंस तर ते नावडत्या मालकालाच धरणार. खरंय, सगळ्यात मोठं जाहिरातदारही तेच. म्हणून हे काम स्वतंत्र संस्थेकडं हवं, आणि मोजणी जिल्हा धरून हवी.

तोवर एक करा. आज घरी आलेला पेपर उलटा करा. तळाशी बारीक अक्षरात मालक, मुद्रक, प्रकाशक छापलेलं असतं. आमच्या घरी दोन पेपर येतात, ती ओळ कुणी कधीच वाचली नव्हती. मीसुद्धा.