गोनर ६८ ए

युद्धातल्या सांकेतिक संदेशांचा विषय निघाला की सगळ्यांना एनिग्मा आठवतं. ब्लेचली पार्क, ट्युरिंग, ती गणिती डोकी... मला मात्र त्यापेक्षा कितीतरी साधे, जवळजवळ बाळबोध संकेत जास्त खिळवून ठेवतात. बाँबर विमानातल्या वायरलेस ऑपरेटरने अंधारात, थंडीत, मोर्सच्या बटणावर टकटक करून पाठवलेले. त्यांचा तक्ता आज कुणालाही मिळतो, म्हणजे उकलायला म्हणून काही उरलेलंच नाही. पण तक्ता हाती आला की संदेश वाचता आला, असं समजणारे लोक बघितले की मला राहवत नाही. म्हणून हे लिहितेय.

उदाहरण घेऊ १६-१७ मे १९४३ च्या रात्रीचं. रॉयल एअर फोर्सच्या ६१७ स्क्वाड्रनची १९ लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायला निघाली होती. विमानं एकमेकांशी रेडिओवर चक्क बोलत होती, पण इंग्लंडमध्ये ग्रँथमच्या मुख्यालयाला जे कळवायचं ते मोर्समध्ये. १२ वाजून ३७ मिनिटांनी गिब्सनच्या विमानातून ऑपरेटर हचिसनने पाठवलं: गोनर ६८ ए.

गोनर म्हणजे बाँब टाकला. पुढचा आकडा बाँब कुठे फुटला ते सांगतो. १ म्हणजे फुटलाच नाही, २ म्हणजे भिंतीवरून पलीकडे गेला, मग अंतर कमी कमी होत ६ म्हणजे भिंतीपासून पाच यार्डांवर आणि ७ म्हणजे भिंतीला चिकटून. त्यानंतरचा आकडा भिंतीची अवस्था: ८ म्हणजे भगदाड दिसत नाही, ९ लहान, १० मोठं. ए म्हणजे म्योने धरण. गंमत बघा, पहिल्या प्रश्नाची उत्तरं ७ ला संपतात आणि दुसऱ्याची ८ पासून सुरू होतात. आवाजात खरखर असली तरी कुठला आकडा कशाचा याचा घोळ होणं कठीण. ज्याने कुणी हे बेतलं त्याला माझा नमस्कार! आणि हवेत जितका कमी वेळ राहाल तितकं शत्रूच्या कानावर कमी पडणार, हा फायदा वेगळाच.

आपल्याकडेही हा प्रकार होता की. तार ऑफिसात शुभेच्छांच्या वाक्यांना नंबर असायचे. तुम्ही नंबर द्यायचा, पलीकडे लग्नघरी पूर्ण वाक्य पोचायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा तो तक्ताही गेला.

आता माझा मुद्दा. गिब्सननंतर हॉपगुडच्या विमानाने हल्ला केला. विमान पेटलं होतं. बाँब उशिरा सुटला आणि भिंतीवरून उडून पलीकडच्या वीजघरावर फुटला. तक्त्यात याला आकडा आहे: २. तो संदेश कधीच गेला नाही. पाठवायचा तो मिन्चिन गंभीर जखमी होता आणि त्या रात्रीच गेला. सातांपैकी दोघे पॅराशूटने वाचले, जर्मनांच्या कैदेत. त्याच रात्री मुख्यालयाने बर्पीच्या विमानाला सोर्पे धरणाकडे जायचा हुकूम पाठवला. पोच आली नाही. ते विमान तोवर हॉलंडमध्ये खिल्झे-रायनच्या विमानतळाजवळ पडलं होतं.

म्हणजे त्या तक्त्यात बाँबच्या सात अवस्था आहेत, भिंतीच्या तीन आहेत, आणि माणसांसाठी एकही आकडा नाही. माणसांची खबर शांततेतच वाचायची. म्हणून माझं मत असं, की ही नोंद वाचताना आलेल्या संदेशांइतकंच न आलेल्यांवर बोट ठेवावं लागतं. कोण यायला हवं होतं, किती वाजता, आणि तिथे कागद कोरा का? नुसतं ६८ ए सोडवून टाळी घेणं म्हणजे शब्दकोडं झालं.

आणि १० चा अर्थ तरी 'मोठं भगदाड' एवढाच कसा? म्योने फुटलं आणि त्या पाण्याने खाली नेहाइमची सक्तमजुरांची छावणी वाहून नेली. तिथे बहुतांशी युक्रेन आणि पोलंडकडून आणलेल्या बायका होत्या. त्या रात्री एकूण १३०० च्या आसपास माणसं बुडाली आणि त्यातले निम्म्याहून अधिक परदेशी मजूर आणि युद्धकैदी. जर्मनीविरुद्धच्या हल्ल्यात मेले ते जर्मनीने पकडून आणलेले. धरण फोडायला नको होतं असं म्हणण्याइतकी मी शहाणी नाही, आरामखुर्चीत बसून ते सोपं असतं. पण तक्त्याच्या शेजारी हा आकडा लिहिल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही.

जाता जाता आणखी एक. म्योने फुटल्याचा शब्द म्हणजे गिब्सनच्या काळ्या कुत्र्याचं नाव होतं, आणि ते नाव कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी. १२ वाजून ५६ मिनिटांनी तो शब्द आला आणि मुख्यालयात जल्लोष झाला. स्कॅम्प्टनच्या तळावरच्या त्या कुत्र्याच्या थडग्यावरचा दगड २०२० मध्ये हवाई दलाने बदलला. यावर तिकडे बरीच वादावादी झाली. माझ्या मते नोंदवहीत आहे तसा राहू द्या, खोडू नका. दगडावर मात्र नको. नोंद आणि गौरव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एडर धरणासाठी शब्द होता 'डिंगी'. तो आला १ वाजून ५४ मिनिटांनी. पहाटे विमानं परतायला लागली. १९ पैकी ८ आलीच नाहीत, ५६ माणसं. दुसऱ्या दिवशी ५६ घरी तारा गेल्या, 'बेपत्ता' म्हणून. आपल्याकडे दारात तारवाला दिसला की तार उघडायच्या आधीच रडारड सुरू व्हायची, तसंच तिथेही झालं असणार. त्या तारेला तक्ता लागत नव्हता. ५६ पैकी तिघे पुढे कैदेत जिवंत निघाले.