पासवर्ड मागणारं प्रेम

नवऱ्यानं हात उचलला तर ती हिंसा, एवढं आता आपल्या पिढीतल्या बहुतेकांना पटतं. पण हात उचलण्याआधी वर्षभर जे चाललेलं असतं त्याला आपण काय म्हणतो? काळजी म्हणतो. गैरत म्हणतो. कॉलेजात असू तर मोहब्बत म्हणतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे नात्यातले, मोहल्ल्यातले लोक फोनची दुखणी घेऊन येतात. त्यात हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो : "भाई, मी कुणाशी बोलले ते त्यांना कसं कळतं?" विचारणारी कधी नवी नवरी असते, कधी नुकतीच मंगनी झालेली. उत्तर साधं निघतं. तिच्या व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये त्याचा लॅपटॉप जोडलेला असतो, गुगल मॅप्सवर तिचं लोकेशन चोवीस तास शेअर केलेलं असतं, ईमेलचा पासवर्ड त्यानंच ठरवलेला असतो. शोधायला पाच मिनिटं पुरतात.

मात्र सापडलं की लगेच सगळं बंद करू नका. बंद केल्याचं त्याला कळतं, आणि ताबा सुटतोय असं वाटलं की मारहाणीचा धोका वाढतो. आधी भरवशाच्या माणसाला सांगा. मदत शोधायची ती दुसऱ्याच्या फोनवरून.

२००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा शारीरिक हिंसेवर थांबत नाही. लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळही त्यात येतो. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, मेहरचे दागिने परस्पर विकणं, हे सगळं आर्थिक छळात बसतं. "आपला पर्सनल लॉ वेगळा, हा कायदा आपल्याला लागू नाही," असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं आहे. तो सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही देतो. बरं, पर्सनल लॉचंच बोलायचं तर १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा वाचा. मारहाण नसली तरी वागणुकीनं बायकोचं जगणं हलाखीचं करणं ही क्रूरता आहे, आणि त्यावर तिला कोर्टातून तलाक मागता येतो, हे त्यात तेव्हापासून लिहिलेलं आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळातला कायदा, आणि आपण अजून "पण मारत तर नाही ना?" विचारतोय.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १८ ते ४९ वयाच्या लग्न झालेल्या दर दहा बायकांपैकी जवळपास तिघींनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. हिंसा सोसणाऱ्यांपैकी मदत मागणाऱ्या फारच थोड्या. कारण माहेरी आल्यावर काय ऐकायला मिळतं ते आपल्याला ठाऊक आहे : "सबर कर बेटी, मर्द है, ग़ुस्सा आता है." याच मर्दाला ऑफिसात मॅनेजरवर कधी ग़ुस्सा येत नाही, हे अम्मीच्याही लक्षात येत असेलच.

आता मुलांशी दोन शब्द. निकाहात मुलीची कबुली विचारतात, म्हणजे नकाराचा हक्क तिला त्या क्षणीच मिळालेला असतो. तो रुखसतीबरोबर संपत नाही. शिक्षण, नोकरी यांबद्दलच्या अटी निकाहनाम्यात लिहिता येतात. तुम्हीच पुढाकार घेऊन लिहा. आणि ती "आज नको" म्हणाली, मैत्रिणींबरोबर गेली, तुमच्यापेक्षा जास्त कमावू लागली, तेव्हा घरात ती मोकळेपणानं बोलते की आधी तुमचा चेहरा बघते, याकडे लक्ष ठेवा. नातं कसं चाललंय ते तिथे कळतं.

एखाद्या मैत्रिणीबद्दल शंका आली तर "तो मारतो का?" असं थेट विचारू नका, ती नाहीच म्हणेल. "त्याला न विचारता माझ्याकडे चहाला येशील का?" एवढंच विचारा, आणि उत्तर द्यायला तिला किती वेळ लागतो ते बघा. महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे, जिवाला धोका असेल तर ११२. तिच्या फोनमध्ये सेव्ह करू नका, तोंडपाठ करायला सांगा.