घरचे आरोग्य : तहानेची भाषा

वैशाखात माळव्यात तहान कोणाला लागत नाही? त्यामुळे इंदूरच्या आमच्या आत्याबाई घडोघडी माठाशी जाऊ लागल्या, तेव्हा कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. उलट आम्ही प्रेमाने पन्हे नि उसाचा रस त्यांच्यापुढे करीत राहिलो. रात्री चार-चार वेळा उठणे वयावर ढकलले गेले. अंग वाळले, त्याचे श्रेय उपासांना मिळाले. पुढे अंगठ्याला लागलेली ठेच तीन आठवडे भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासले. साखर ३४० निघाली.

या लक्षणांमागील कारण सरळ आहे. रक्तातील साखर साधारणतः १८० च्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती सारी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी वाढते नि तहान शमत नाही. पेशी मात्र उपाशीच राहतात. म्हणून खाऊनपिऊनही वजन घटते, थकवा येतो. दृष्टी अंधुक होणे, गुप्तांगी खाज सुटणे, वरचेवर गळवे होणे, तळपाय बधिर वाटणे, याही त्याच खुणा. लघवीला मुंग्या लागतात, हे तर आपल्या प्राचीन वैद्यांनीही हेरले होते.

मात्र अनेकांना दीर्घकाळ कोणतेही लक्षण जाणवत नाही. म्हणून तिशी उलटलेल्यांनी, विशेषतः आईवडिलांना मधुमेह असल्यास, लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ हा इशारा होय. नियमित चालणे, मिताहार व वजनावर ताबा यांनी पुष्कळदा पुढचे संकट टळते. ती दोन वेळा १२६ किंवा अधिक आल्यास मधुमेह समजावा.

तहानेच्या जोडीला उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकल्या फळासारखा वास किंवा ग्लानी असेल, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेले मूल पुन्हा तसे करू लागले, तर त्याला रागावण्याआधी त्याची साखर तपासून घ्यावी.

आत्याबाईंचा पाय वाचला. अंगठा मात्र गेला. आता घरातले कोणी वरचेवर माठाशी दिसले, की त्या हातातले काम बाजूला ठेवून विचारतात, "रात्री किती वेळा उठतेस गं?"