प्रयोगाचे यश आणि योजनेचा हिशेब

नोव्हेंबर १९८२ मध्ये फ्रान्सच्या मंत्रिमंडळाने देशात केबलचे जाळे विणण्याची महत्त्वाकांक्षी योजना स्वीकारली. केसासारख्या बारीक काचतंतूंतून, म्हणजेच ऑप्टिकल फायबरमधून, दूरचित्रवाणी घरोघर पोचविण्याचा तिचा संकल्प होता. त्याची चाचणी बियारिट्झ या सागरकाठच्या शहरात झाली. १९८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी तिचे उद्घाटन केले. सुमारे दीड हजार ग्राहकांना चित्रवाणीबरोबर चित्र-दूरध्वनीही मिळाला. तंत्रदृष्ट्या प्रयोग सफल झाला.

अर्थशास्त्राचा निकाल मात्र निराळा होता. काचतंतू मुख्य मार्गावर घातला, तर त्याचा खर्च हजारो ग्राहकांत विभागला जातो. तोच घरापर्यंत नेला, की प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारे यंत्र प्रत्येक घरी बसवावे लागते. त्या खर्चाला वाटेकरी उरत नाहीत. चित्रवाणीपुरते तेच काम तांब्याची कोअॅक्सियल केबल स्वस्तात करीत होती. पुढे बहुतेक शहरांत तीच आली आणि १९८६ च्या सत्तांतरानंतर मूळ योजना मागे पडली.

याउलट त्याच दूरसंचार खात्याचे मिनिटेल लाखो घरांत रुजले. जुन्याच टेलिफोन तारा, विनामूल्य यंत्र आणि वापरानुसार आकार, हे त्यामागील गमक.

काचतंतूवरील विश्वास अनाठायी नव्हता. आज फ्रान्समधील बहुसंख्य घरांच्या दारी तो पोचला आहे. चुकला तो काळाचा हिशेब. सरकारी पैशाने होणाऱ्या चाचणीत म्हणूनच ‘चालते काय?’ याबरोबर ‘कोणाला परवडते?’ हेही तपासले पाहिजे. दीड हजार घरांच्या अनुदानित यशावर लाखो घरांचे अंदाजपत्रक उभे राहत नाही.