सिग्रीदुरची वाट

आइसलंडमध्ये जुलैत काळोख पडत नाही. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि गाडीत कलत्या दुपारचं ऊन येत होतं. लेक गाडी चालवत होती. रेक्याविक सोडून शंभरेक किलोमीटर झाले, तरी झाडं अशी नाहीतच; मोकळं माळरान आणि चरणाऱ्या मेंढ्या. धबधबा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ठोसेघरचा कडा येतो. इथे कडा कुठेच दिसेना.

गुल्फॉस, म्हणजे सोन्याचा धबधबा, खाली पडतो तो जमिनीच्या पोटात. लांगयोकुल हिमनदीचं पाणी घेऊन आलेली ह्वीता नदी आधी अकरा मीटरची पायरी उतरते, मग अंग वळवून एकवीस मीटर खाली एका अरुंद घळीत शिरते. लांबून पाहताना सगळी नदी चालता चालता नाहीशी झाल्यासारखी वाटते. जवळ गेलं की पायाखालचा खडक थरथरतो आणि तुषारांनी माणूस दोन मिनिटांत निथळतो.

वाटेवर एका दगडात एका बाईचा चेहरा कोरलाय. ब्रॅटहोल्ट या शेजारच्या शेतावरची सिग्रीदुर टोमासदोत्तिर. धबधबा पाहायला येणाऱ्यांना ती आणि तिच्या बहिणी वाट दाखवत. खाली उतरायची पहिली पायवाट त्यांनीच पाडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीजनिर्मितीसाठी हा धबधबा परदेशी भांडवलदारांना भाड्याने दिला गेला. सिग्रीदुरने साठवलेले पैसे मोडून वकील केला. माळरान आणि नद्या तुडवत ती पुन्हापुन्हा रेक्याविकला चालत गेली. इथे यंत्रं आली तर पाण्यात उडी घेईन, असंही तिने बजावलं होतं. तिचे वकील स्वेन ब्योर्नसन पुढे 1944 साली देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

खटला ती हरली. पण काम काही सुरू झालं नाही, भाडं थकलं आणि 1929 साली करार रद्द झाला. ती गेली 1957 साली. धबधब्याला कायद्याचं संरक्षण मिळालं 1979 साली.

त्या दगडापाशी मी बराच वेळ उभी राहिले. सिग्रीदुर लढत होती त्याच काळात, 1921 साली, सेनापती बापटांबरोबर मुळशीचे शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसत होते. त्यांचं मागणंही तिच्यासारखंच साधं होतं: आमचं पाणी, आमची जमीन आम्हाला राहू द्या. तिथे मात्र करार मोडला नाही. धरण झालं, मुंबईला वीज गेली. माझ्या आईच्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे. आई सांगायची, एसटी त्या रस्त्याने निघाली की आजी धरणाच्या बाजूच्या खिडकीशी बसायची नाही.

लेकीला हे मी पहिल्यांदाच सांगत होते. ऐकून ती म्हणाली, "आई, त्या गावाचं नाव काय होतं?"

मला सांगता येईना. दगडातली सिग्रीदुर समोर होती, तिच्या शेताचं नावसुद्धा मला पाठ झालं होतं.

पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले असणार. मुक्कामावर पोचून मी जागी बसले. साडेबारा वाजले, तिकडे सहा. खिडकीबाहेर अजून उजेड होता. मी मामाला फोन लावला.